डाउनहिल रेस कशी बघायची: आधी ट्रॅक, मग बाईक

माउंटन बाईकची डाउनहिल वर्ल्ड कप रेस पहिल्यांदा बघणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात, उड्या आणि आपटणं. तिसऱ्या-चौथ्या रायडरनंतर सगळे सारखेच वाटायला लागतात, कारण सगळेच जीव खाऊन खाली येतायत, सगळेच हवेत जातायत, मग एकाला चार सेकंद मागे का दाखवतायत तेच कळत नाही. मग माणूस गियरकडे, म्हणजे सामानाकडे वळतो, कुठली फ्रेम, कुठला फोर्क, कुठलं टायर, आणि तिथून वाद सुरू होतात की अमुक जिंकला तो बाईकमुळे आणि तमुक हरला तो टायरमुळे. मला हा खेळ मनापासून आवडतो म्हणून सांगतो, क्रम उलटा करा. आधी ट्रॅक बघा, मग रायडर, आणि बाईक सगळ्यात शेवटी. त्या वीकेंडला बाईकवर जे काही बदललेलं असतं ते त्या डोंगराकडे बघूनच बदललेलं असतं, डोंगर माहीत नसेल तर त्या बदलावर बोलण्यात काही अर्थच नाही.

ज्यांना अगदीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. एका वेळी एकच रायडर, वर गेट, खाली फिनिश, मध्ये दोन ते पाच मिनिटांचा उतार, घड्याळ सांगेल तो जिंकला. युसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, डाउनहिल वर्ल्ड कप १९९३ पासून चालू आहे आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याच्याही आधी, १९९० ला अमेरिकेत डुरँगोला पहिली झाली. वर्ल्ड कप म्हणजे सीझनभराच्या राउंड आणि पॉइंट, वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हणजे वर्षातली एकच रेस, ती जिंकली की वर्षभर इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालायची. क्वालिफाइंगमध्ये जो सगळ्यात फास्ट तो फायनलला सगळ्यात शेवटी सुटतो, म्हणून रंगत वाढत जाते. तोपर्यंतचा लीडर खाली हॉट सीटवर बसून असतो, आणि वरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघताना त्याचा चेहरा बघा, खरी रेस तिथेपण चालू असते. २०२३ पासून पुरुषांच्या फायनलला तीसच जण असतात. मधले टप्पे कधी सेमी फायनल, कधी दोन क्वालिफाइंग असे बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला पाच मिनिटं काढून त्या वर्षीचा फॉरमॅट वाचून घ्या.

वेळेचं पण बघून ठेवा. उन्हाळ्यात युरोपातल्या बहुतेक रेस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, म्हणजे तिकडे दुपारी १ ला फायनल तर इकडे साडेचार, चहाची वेळ. स्कॉटलंडला साडेचार तासांचा फरक. आणि कॅनडात क्विबेकला मॉन्ट-सेंट-अ‍ॅन असेल तर साडेनऊ तास, तिकडच्या दुपारी १ ला आपले रात्रीचे साडेदहा, त्या दिवशी जेवण आधी उरकून घ्या.

आता ट्रॅक

रेसच्या दोन-तीन दिवस आधी रायडर लोकं ट्रॅक वॉक करतात, म्हणजे बाईक न घेता पायी पायी पूर्ण ट्रॅक उतरतात, प्रत्येक मुळाशी थांबतात, दगडावर पाय ठेवून बघतात हलतोय का, हात करून करून मेकॅनिकला लाइन, म्हणजे बाईक नेमकी कुठून न्यायची तो मार्ग, दाखवतात. त्याचे व्हिडिओ युट्युबवर येतात आणि नंतर प्रॅक्टिसमधले हेल्मेट कॅमेऱ्याचे कोर्स प्रिव्ह्यू पण येतात. फायनल बघायच्या आधी हा एक प्रिव्ह्यू दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा बघताना स्वतःला तीन प्रश्न विचारा: कुठे पेडल मारावं लागतंय, कुठे ब्रेक दाबून धरावा लागतोय, आणि कुठे एकापेक्षा जास्त रस्ते दिसतायत. बस, एवढ्यावर अर्धी रेस कळते.

फोर्ट विल्यमचं उदाहरण घ्या. स्कॉटलंडमध्ये, २००२ पासूनचं ठिकाण, सुमारे २.८ किलोमीटर लांब आणि ५५५ मीटर उतार, पुरुषांचे टाइम साडेचार मिनिटांच्या आसपास येतात. वरचा भाग उघडा माळ, दगडच दगड, आणि वारा सुटला तर उडीत बाईक बाजूला ढकलली जाते. मग जंगल येतं तिथे चिखल आणि मुळं, आणि सगळ्यात शेवटी मोटरवे म्हणतात तो उघडा उड्यांचा भाग, जिथे पाय भरून आलेले असताना पेडल मारायला लागतं. आता विचार करा या ट्रॅकला काय लागेल. वरच्या दगडांना चाक अडकायला नको, हात शेवटपर्यंत टिकायला हवेत, आणि शेवटच्या मिनिटात दम उरायला हवा. साडेचार मिनिटं हँडलवर असा मार खाल्ल्यावर बोटांनी ब्रेकचा लिव्हर पण धड ओढवत नाही. म्हणून इथे दणकट आणि स्थिर बाईक चालते, नुसती चपळ बाईक मार खाते.

आणि २०१७ ला सांताक्रूझ सिंडिकेट टीमने वर्ल्ड कपच्या डाउनहिल बाईकला मोठं २९ इंची चाक लावून आणलं, आणि इथेच त्यांच्या ग्रेग मिनारने त्या चाकांवर रेस जिंकली. त्या वेळी केवढी भांडणं झाली, लोकं म्हणत होते की ही फसवणूक आहे, बाकीच्या टीमना वेळ मिळाला नाही. पण वरचा दगडांचा भाग डोळ्यासमोर आणा, मोठं चाक तिथे खड्ड्यात कमी पडतं आणि दगडावर सहज चढतं, त्याला तोडच नव्हती. तेच चाक एखाद्या अरुंद, वळणावळणाच्या ट्रॅकवर पहिल्यांदा जिंकलं असतं तर एवढी चर्चा झाली असती का, मला नाही वाटत.

उलट टोक म्हणजे इटलीतलं व्हाल दि सोल. ट्रॅकचं नावच ब्लॅक स्नेक. उभा उतार, कोरडी पावडरसारखी माती, आणि दिवसागणिक उघडी पडत जाणारी मुळं आणि भोकं, म्हणजे गुरुवारी जी लाइन होती ती शनिवारी अस्तित्वातच नसते. इथे पेडल मारायला जागाच कमी, सगळा खेळ ब्रेक सोडायच्या हिमतीचा. मुळं तिरपी असतात आणि तिरप्या मुळावर ब्रेक दाबला की चाक सरकलंच म्हणून समजा, त्यामुळे ब्रेक मुळाच्या आधी मारून मुळावर सोडून द्यायचा असतो. हे वाचायला सोपं आहे. उभ्या उतारावर, पुढे झाड दिसत असताना ब्रेक सोडणं म्हणजे काय ते तिथे कळतं. स्वित्झर्लंडचं शांपेरी त्याहून उभं. आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेरा किंवा दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग यांची गोष्टच वेगळी, तिथे सपाट भाग एवढे की सस्पेन्शनपेक्षा मांड्यांची चर्चा जास्त व्हायची.

स्प्लिट वाचायला शिका

स्प्लिट म्हणजे ट्रॅकवरच्या ठरलेल्या जागेपर्यंत लीडरपेक्षा किती पुढे किंवा मागे. स्क्रीनवर मधून मधून जे हिरवे-लाल आकडे येतात ते सुरुवातीपासूनचे एकूण असतात, आणि नवीन लोकं नेहमी इथेच फसतात. समजा पहिल्या स्प्लिटला +०.४ आलं, दुसऱ्याला +०.९, तिसऱ्याला +०.७. लोकं म्हणतात "अरे अजून मागेच आहे". पण नीट बघा, दुसऱ्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या स्प्लिटच्या मधल्या तुकड्यात, त्याने अर्धा सेकंद घालवला आणि तिसऱ्यात लीडरपेक्षा ०.२ ने फास्ट आहे. म्हणजे तिसऱ्या सेक्टरमध्ये त्याच्याकडे काहीतरी आहे, वेगळी लाइन असेल, जास्त हिंमत असेल, किंवा लीडरनेच तिथे चूक केली असेल. प्रत्येक वेळी आधीचा आकडा वजा करायची सवय लावून घ्या, दोन रेसनंतर ते आपोआप डोक्यात व्हायला लागतं.

आणि शेवटच्या सेक्टरपर्यंत कुणाला जिंकलं म्हणू नका. २००८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला, ह्याच व्हाल दि सोलला, सॅम हिल सगळ्यांच्या पुढे होता, रन म्हणजे अक्षरशः वेड लावणारी, आणि फिनिशच्या अगदी आधीच्या वळणात पुढचं चाक घसरलं आणि तो पडला. उठून आला तरी तिसरा! जी अ‍ॅथर्टन जिंकला, स्टीव्ह पीट दुसरा. त्या पीटचं पुढच्या वर्षी कॅनबेराला काय झालं बघा, चार वेळा वर्ल्ड चॅम्पियनशिपला दुसरा आलेला माणूस, वय ३५, आणि शेवटी जिंकला तो मिनारच्या पुढे फक्त ०.०५ सेकंदाने. पाच शतांश. एवढ्या वेळात कुठलं वळण चुकलं, कुठे एक पेडल कमी पडलं ते शोधत बसायचं म्हटलं तर पूर्ण ट्रॅक परत बघावा लागतो, आणि मी तर म्हणेन बघाच.

एक वळण पकडा आणि तेवढंच बघा

हा माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग आहे. पूर्ण रन बघताना डोळा रायडरबरोबर पळतो आणि काहीच पकडता येत नाही. त्यापेक्षा रिप्ले लावा, एकच वळण निवडा जिथे कॅमेरा प्रत्येक रायडरला एकाच जागेवरून दाखवतो. आता दोन खुणा ठरवा, वळणात शिरताना एखादं झाड किंवा पट्टीचा खांब, आणि बाहेर पडताना दुसरा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा किंवा व्हिडिओ हळू करून फ्रेम मोजा. पाच-सहा रायडरचे टाइम वहीत लिहा. मग दिसायला लागतं की वळणात सगळ्यात जोरात शिरणारा बाहेर पडताना सगळ्यात हळू असू शकतो, कारण त्याने ब्रेक वळणाच्या आत मारला, चाक घसरलं, लाइन बाहेर गेली, आणि पुढच्या सरळ भागावर त्याला शून्यातून परत वेग आणावा लागला. जो आधीच ब्रेक मारून, बाहेरून रुंद घेऊन आत आला तो बघताना संथ वाटतो, पण बाहेर पडताना गोळीसारखा सुटतो. वेग कुठे दिसतो त्यापेक्षा वळणानंतर किती उरला ते बघायचं.

रायडरचं अंग बघताना डोकं बघा. चांगल्या रायडरचं डोकं जवळजवळ स्थिर राहतं, खाली बाईक नाचत असते, हात-पाय हलत असतात, पण डोकं एका रेषेत चालतं आणि नजर पुढच्या वळणावर गेलेली असते. दमला की पहिले डोकं हलायला लागतं, मग टाचा वर येतात, मग तो बाईकवर उभा राहायच्या ऐवजी मागे लटकायला लागतो आणि पुढच्या चाकावरचं वजन जातं. लांब ट्रॅकवर तिसऱ्या मिनिटानंतर हे मुद्दाम शोधा. पुढचं चाक घसरून पडणारे बरेच जण पडायच्या वीस सेकंद आधीपासून मागे लटकलेले असतात.

आणि कान उघडे ठेवा. टीव्हीचा आवाज कमेंट्रीसाठी वाढवतो आपण, पण मागच्या चाकाच्या मधल्या हबची जी किर्रर्र असते ती ऐका. आवाज चालू म्हणजे चाक मोकळं फिरतंय. आवाज एकदम बंद झाला म्हणजे एकतर पेडल मारतोय, नाहीतर मागचं चाक लॉक झालंय. पाय स्थिर आहेत आणि आवाज बंद आहे, म्हणजे चाक घसरतंय, म्हणजे वेळ चाललाय. जमिनीवर टायर घासल्याचा आवाज जास्त येतोय का कमी, ते पण. वेगवान रन कित्येकदा शांत असते.

मग आता बाईक

एवढं झाल्यावर गियरवर बोलायला मजा येते. डाउनहिल बाईकला पुढे-मागे साधारण २०० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन तेवढं दाबलं जातं, पुढचा फोर्क दोन क्राउनवाला, म्हणजे वर-खाली दोन ठिकाणी पकडलेला, फॉक्स ४० किंवा रॉकशॉक्स बॉक्सर जास्त दिसतात. ट्रॅव्हल सगळ्यांचं सारखंच, फरक सेटिंगमध्ये. वर्ल्ड कपच्या रायडरचा फोर्क हाताने दाबून बघितला तर लोकांना धक्का बसतो एवढा कडक असतो, कारण तो ज्या वेगाने दगडावर आदळतो त्या वेगाला तो मऊ वाटतो. म्हणून त्यांचं सेटिंग कुठे वाचलंत तर आपल्या बाईकवर जसंच्या तसं लावू नका, हात दुखतील आणि ग्रिप पण मिळणार नाही. अजून एक, हाय-स्पीड कॉम्प्रेशन म्हणजे बाईक जोरात असतानाचं सेटिंग नव्हे. शॉक किती झपकन दाबला जातो त्यावर ते चालतं, दगडाचा दणका म्हणजे हाय-स्पीड, आणि ब्रेक मारल्यावर पुढचा भाग हळूच बसणं किंवा वळणात अंग रेटणं म्हणजे लो-स्पीड, मग बाईक ताशी ६० ने का जाईना. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे वाद मिटतात.

चाकांचं वर बोललोच. २९ आल्यावर उंच रायडर खूश झाले पण उभ्या ट्रॅकवर मागचं मोठं चाक पार्श्वभागाला घासायला लागलं, विशेष करून कमी उंचीच्या रायडरना मागे सरकायला जागाच उरेना. २०१९ ला युसीआयने पुढचं आणि मागचं चाक वेगळ्या मापाचं चालेल असा नियम केला, आणि पुढे २९, मागे २७.५ अशी बाईक आली, तिला सगळे मलेट म्हणतात. त्याच वर्षी स्लोव्हेनियात मारिबोरला सीझनची पहिली रेस लोइक ब्रुनीने अशाच बाईकवर काढली. पुढचं मोठं चाक खड्ड्यावरून नेतं, मागचं छोटं चाक वळणात पटकन फिरतं. तरीपण सगळ्यांनी मलेटच घ्यावं असं काही नाही, उंच माणूस, सरळ वेगवान ट्रॅक, तर दोन्हीकडे २९ आजही बरोबर वाटतं मला.

आता चेनचं, कारण हा मुद्दा सगळ्यात रंगतो. सस्पेन्शन दाबलं गेलं की बऱ्याच डिझाइनमध्ये मागचं चाक क्रँकपासून, म्हणजे पेडल जोडलेल्या भागापासून, लांब जातं, चेन ताणली जाते आणि ती पेडलला उलटी ओढते, ते पायांना जाणवतं आणि सस्पेन्शन पण थोडं अडतं. ह्याच्यावर उपाय म्हणून हाय पिव्हटवाल्या फ्रेम आल्या, मागचं चाक ज्या सांध्यावर हलतं तो पिव्हट वर, आणि चेन एका छोट्या आयडलर पुलीवरून फिरवलेली. दगड लागला की मागचं चाक वर जाताना थोडं मागे पण जातं, म्हणून दगडाला अडकत नाही. कोमेन्साल कंपनीची सुप्रीम ह्यातली सगळ्यात ओळखीची, आमोरी पिएरोंने २०१८ आणि २०२२ ला ओव्हरऑल, म्हणजे सीझनभराच्या पॉइंटांचं विजेतेपद, काढलं ते ह्याच घराण्याच्या बाईकवर. तोटा पण आहे, वळणात बाईक दाबली की चाक मागे जाऊन बाईकची लांबी वाढते, काहींना ती जड वाटते, आणि पुलीचं घर्षण आलंच, चिखलात जास्त.

चेन नसती तर काय, ह्याचा पुरावा दोनदा मिळालाय. २०१४ ला नॉर्वेत हाफ्येलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला नेको मुलालीची चेन वरतीच तुटली आणि तो चौथा आला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात लिओगँगला अ‍ॅरन ग्विनची चेन गेटमधून निघताच तुटली आणि तो चक्क जिंकला, एक पेडल न मारता वर्ल्ड कप! ती रन बघताना हेच बघा की तो प्रत्येक खड्ड्याच्या उतरत्या बाजूला बाईक कशी दाबतो, उडीला वर न जाता कसा चिकटून राहतो, पेडल नाही म्हणून वेग कमावायचे बाकी सगळे मार्ग एकाच रनमध्ये दिसतात. लोकं ह्याच्यावरून म्हणतात की बघा चेनशिवाय सस्पेन्शन चांगलं चालतं म्हणून जिंकला. असेलही थोडा भाग. पण तेव्हाचा लिओगँगचा ट्रॅक बाईक पार्कसारखा, बर्म (कडेला मातीचा बांध असलेली वळणं) आणि उड्यांचा होता, वेग राखणाऱ्याला साथ देणारा. पीटरमारित्झबर्गला चेन तुटली असती तर रेस संपली असती. परत ट्रॅकवरच येतो बघा मुद्दा.

टायरवर थोडा जास्त वेळ घालवा कारण रेसच्या सकाळी खरी धावपळ तिथेच असते. कोरड्या-मिश्र जमिनीला मॅक्सिसचं असेगाय किंवा मिनियन डीएचएफ, श्वाल्बेचं मॅजिक मेरी, कॉन्टिनेन्टलचं क्रिप्टोटल असली मोठ्या खुट्यांची टायर. पाऊस पडला की उंच टोकदार खुट्यांची स्पाइक टायर येतात, ती चिखलात रुततात आणि चिखल फेकून देतात. पण तीच दगडावर आणि घट्ट मातीवर लवतात, म्हणून मेकॅनिक कटर घेऊन बसतो आणि एकेक खुटी थोडी थोडी छाटतो, ह्याला कट स्पाइक म्हणतात. टायरवर शेकडो खुट्या, हात दुखेपर्यंत छाटायच्या, आणि आकाशाकडे बघत बसायचं की ऊन पडतं का. पिट्समधले, म्हणजे टीमच्या तंबूंमधले, फोटो येतात तेव्हा झूम करून खुट्यांची टोकं बघा, कापलेली सपाट दिसली तर टीमला वाटतंय की ट्रॅक सुकतोय. हवा साधारण पुढे २२-२५ पीएसआयच्या आसपास, मागे त्याहून थोडी जास्त, आणि दगडाळ ट्रॅक असला तर आत फोमचा इन्सर्ट, म्हणजे रीम वाचते. कमी हवेला ग्रिप जास्त पण दगडावर रीम आपटून पंक्चर. ग्विनचंच २०१४ चं लिओगँग बघा, मागचं टायर गेलं आणि तो तसाच रीमवर खालपर्यंत आला, एक वर्ष आधी रीमवर आणि पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर चेनशिवाय विजेता. आणि मिनारने २०१३ ला आपल्या गावच्या पीटरमारित्झबर्गला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा फिनिशला येताना मागचं टायर फ्लॅट होतं, सगळं गाव ओरडत होतं.

ब्रेकचं लवकर सांगतो. चार पिस्टन, २०० ते २२० च्या घरातल्या डिस्क. उभ्या ट्रॅकवर ताकदीपेक्षा ब्रेक शेवटपर्यंत सारखाच लागणं महत्त्वाचं, वर एक लिव्हर आणि खाली गरम झाल्यावर दुसराच लिव्हर असं झालं की रायडर घाबरून आधी ब्रेक मारायला लागतो आणि वेळ जातो. पेडल, बहुतेक सगळे क्लिप वापरतात, म्हणजे बूट पेडलला अडकवलेला, सॅम हिल आयुष्यभर साध्या फ्लॅट पेडलवर जिंकला, आणि त्याच्यासारखे टाचा खाली ठेवून चालवणारे कमीच.

पाऊस आला की

पाऊस मध्येच आला तर निकालाचा कागद एकटा वाचू नका, कोण कधी सुटला ते शेजारी ठेवा. २०१७ ला फ्रान्समध्ये लूर्दला आधी सुटलेल्यांना कोरडा ट्रॅक मिळाला आणि क्वालिफाइंगला पुढे असलेल्यांच्या वाट्याला वादळ, अलेक्झांडर फायोल जिंकला. त्याच्या जिंकण्याला कमी लेखायचं कारण नाही, मिळालेल्या ट्रॅकवर तो सगळ्यात फास्ट होता, पण बाकीच्यांचे निकाल वाचताना ढग लक्षात ठेवा. त्याच सीझनला मॉन्ट-सेंट-अ‍ॅनला ग्विनने धो धो पावसात रन काढली आणि कोरड्यात उतरलेल्यांना मागे टाकलं. आणि २००७ चं शांपेरी, सॅम हिल ओल्या ट्रॅकवर उतरला आणि तिसरा आला, त्या रेसचा विजेता माटी लेहिकोइनेन, पण लोकांना पहिले हिलच आठवतो. वादात कुणी "तिसराच तर आला" म्हणालं तर त्याला आधी ट्रॅक कुठल्या अवस्थेत होता ते विचारा.

गियरचा वाद करताना पण असंच. कुणी म्हणालं की ही फ्रेम जिंकते, तर बघा त्याच फ्रेमवर टीममधला दुसरा रायडर कितवा आला. मग तीच बाईक पुढच्या आठवड्यात वेगळ्या ट्रॅकवर कितवी आली. लिंकेजवर, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांवर, कापड गुंडाळलेला प्रोटोटाइप दिसला म्हणजे तो फास्टच असेल असं नाही, टीम रेसमध्येच चाचणी करतात आणि पुढच्या राउंडला गुपचूप जुनी फ्रेम पण परत येते. निकालाच्या पानावर सेक्टर टाइम बरोबर स्पीड ट्रॅपचा, म्हणजे एका ठरलेल्या जागी मोजलेल्या वेगाचा, आकडा पण मिळतो, तो जरूर बघा, सगळ्यात जास्त वेग नोंदवणारा कित्येकदा पहिल्या पाचात पण नसतो.

विमेनची फायनल आणि ज्युनियर सोडू नका. व्हाली हॉलने २०२२ ते २०२५ सलग चार वर्ल्ड चॅम्पियनशिप काढल्या, लेझ जे, फोर्ट विल्यम, अँडोरा, शांपेरी, चारही ट्रॅक एकमेकांशी काही संबंध नसलेले, एकाच रायडरने वेगवेगळ्या डोंगरावर काय काय बदललं हे शिकायला ह्याहून चांगलं उदाहरण नाही. ज्युनियर त्याच वीकेंडला त्याच ट्रॅकवर उतरतात, त्यांचे टाइम एलिटच्या, म्हणजे मोठ्यांच्या मुख्य गटाच्या, शेजारी ठेवा. जॅक्सन गोल्डस्टोन २०२१ ला व्हाल दि सोलला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि २०२३ ला एलिटमधल्या पहिल्याच वर्षी तिथेच वर्ल्ड कप जिंकला, मग २०२४ अख्खं गुडघ्यात गेलं, आणि २०२५ ला शांपेरीला एलिटचा वर्ल्ड चॅम्पियन. ज्यांनी ज्युनियरचे टाइम बघितले होते त्यांना नवल वाटलं नाही.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर जुन्या रन युट्युबवर शोधा आणि ह्या क्रमाने बघा. पहिले डॅनी हार्ट, शांपेरी २०११, ओला उभा ट्रॅक आणि ११.६९९ सेकंदाने विजय, जिथे पाच शतांशाने वर्ल्ड चॅम्पियन ठरतो तिथे अकरा सेकंद. ह्यात नुसतं बघा की चाक सरकल्यावर तो ब्रेक धरत नाही, सरकू देतो. मग ग्विनचं लिओगँग २०१५, आवाज मोठा करून. मग व्हाल दि सोल २०२१, मिनार वयाच्या ३९ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन, तिथे मुळांचा एक भाग पकडून त्याची लाइन आणि ब्रुनीची लाइन शेजारी शेजारी लावा. मग लेन्झरहाइड २०२३, रेचल अ‍ॅथर्टन, बाळ झाल्यानंतर परत येऊन जिंकलेली रेस, तिच्या वळणातून बाहेर पडण्यावर लक्ष ठेवा. आणि त्यानंतर २०२३ चीच फोर्ट विल्यमची फायनल पूर्ण, पहिल्यापासून शेवटच्या रायडरपर्यंत, चार्ली हॅटन जिंकला ती, निकाल माहीत असला तरी हरकत नाही, वही घेऊन बसा आणि मोटरवेच्या आधीचा स्प्लिट आणि फिनिश ह्यातला फरक प्रत्येकाचा लिहून काढा.